डाव्या वळणाचा गजाअण्णा

गजाअण्णाच्या स्कूटरवर मागे बसून मी आजवर दोनदा कोर्टात उशिरा पोचलो आहे, आणि दोन्ही वेळा खरं कारण सांगायची सोय नव्हती. ‘साहेब, मोटारसायकलच्या शर्यती जिंकणाऱ्या माणसाच्या मागे बसून आलो, म्हणून उशीर झाला’ असं सांगितलं असतं, तर न्यायाधीशांनी आरोपीला सोडून मलाच आत टाकलं असतं. पण गोष्ट खरी होती. गजाअण्णा हुबळीच्या रस्त्यावर स्कूटर चालवतो ती सायकलवाले आरामात पुढे निघून जातील अशा बेताने. चौक दिसायच्या आधीपासून त्याचा हात बाहेर. सिग्नल हिरवा असला तरी मान डावीकडे, मग उजवीकडे, मग खात्री करायला पुन्हा डावीकडे. चेन्नम्मा सर्कलला एकदा एक रिक्षावाला आमच्या मागून "होगप्पा मुंद!", म्हणजे ‘चल की बाबा पुढे’, म्हणून असा खेकसला की मी दचकलो. तो चिडून पुढे गेला तेव्हा त्याच्या रिक्षाच्या पाठीवर चिकटवलेला फोटो दिसला. फोटो गजाअण्णाचाच होता, हातात चषक घेतलेला.

"अण्णा, लाज नाही वाटत का रे?" मी विचारलं. "जग पुढे चाललंय."

"रस्त्यावरच्या गाड्यांना ब्रेक असतोय मारे, म्हणून सगळे माजल्यात," तो शांतपणे म्हणाला. "लागला तर दाबू म्हणतात. आमच्या गाडीला ब्रेकच न्हाई. आम्हाला शाणं व्हावंच लागतंय."

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना हे थट्टेचं बोलणं वाटेल. पण त्याच्या शर्यतीच्या गाडीला खरंच ब्रेक नसतो. मातीचा गोल ट्रॅक, चार गाड्या, चार फेऱ्या, गाडीला एकच गियर. सरळ पट्ट्यावर सुसाट जायचं आणि वळण आलं की वेग कमी करायचा नाही, तर गाडीच आडवी करायची. मागचं चाक बाहेर घसरत जातं, हँडल उलट्या बाजूला वळतं आणि डावा पाय जमिनीवर टेकवून माणूस त्या घसरगुंडीला धरून ठेवतो. बूट झिजू नये म्हणून डाव्या बुटाखाली लोखंडी तळ बांधलेला असतो. डावाच, कारण जगभर हा खेळ डावीकडे वळत खेळतात. गजाअण्णाने उभं आयुष्य डावीकडे वळण्यात घालवलं, आणि त्याच्या घरातलं सगळं दुःख याच एका गोष्टीपाशी येऊन अडलं होतं. ते पुढे सांगतो.

मी म्हणजे धारवाडच्या सुभाष रोडवर एका कापडदुकानाच्या माडीवर बसणारा वकील. लहानपण मात्र जुन्या हुबळीत, गजाअण्णाच्या घरासमोर गेलं. त्याचे वडील धोंडीराव शिंपी, सगळ्या गल्लीचे अप्पा. डोक्यावर काळी टोपी, गळ्यात टेप, आणि पायाखाली शिलाईचं मशीन. रोज पहाटे मारुतीच्या देवळात प्रदक्षिणा घालून आल्याशिवाय ते दुकानाची फळी काढत नसत. बोलणं मोजकं. गिऱ्हाइकाने घाई केली तर एवढंच म्हणायचे, "घाईचं पायजे तर तयार घ्या जावा. शिवलेलं पायजे तर बसा." आणि माणसं बसायची. अप्पांनी शिवलेली विजार अंगावर असली की आमच्यासारखी पोरंसुद्धा जबाबदार दिसायची.

गजाअण्णा माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. मशीनवर त्याचं मन लागलं नाही; आयटीआय करून तो धारवाडजवळच्या बेलूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. कारखान्यामागे मोकळं माळरान होतं. सुट्टीच्या दिवशी तिथली पोरं जुन्या गाड्यांचे दिवे, आरसे, मडगार्ड काढून ठेवायची आणि रिंगण धरून पळवायची. हळूहळू बघणारे जमले, बघणारे जमले म्हणून लाउडस्पीकर आला, आणि लाउडस्पीकर आला म्हणून मी आलो. माझी वकिली तेव्हा चालत नव्हती, घसा मात्र चालायचा. एक वाक्य मराठीत, एक कन्नडमध्ये आणि चुरस वाढली की दोन्हींची मिसळ. गजाअण्णा गाडी पळवायचा आणि मी तोंड. त्याच्याइतकं नाव मला मिळालं नाही, पण पडलोही नाही.

त्याची गाडी चालवण्याची रीत मी पहिल्यांदा पाहिली तो दिवस मला लख्ख आठवतो. बाकीची पोरं वळणावर गाडीशी भांडत होती. हा एकटा तिला समजावत असल्यासारखा दिसत होता. आडव्या गाडीवर त्याचे खांदे इतके सैल होते की जणू ओट्यावर गप्पा मारत बसला आहे. मी बोलायचं विसरलो. लाउडस्पीकर गप्प झाला म्हणून लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. असं त्या माळावर पुन्हा कधी झालं नाही.

पुढे एका मोटारसायकल कंपनीने या गोल ट्रॅकच्या शर्यती देशात सुरू केल्या आणि गजाअण्णाला पगारी रायडर म्हणून घेतलं. आमच्या गल्लीला ही नोकरी कळेना. "पगार? गाडीवर फिरायचा?" समोरच्या किराणावाल्याने मला वकील म्हणून खात्री करायला बोलावलं. मी होय म्हणालो. त्याने बराच विचार केला आणि विचारलं, "आणि पेट्रोल कुणाचं?" पेट्रोलही कंपनीचंच, असं सांगितल्यावर त्याने दोन्ही हात जोडले. त्या दिवसापासून गल्लीत गजाअण्णाला मान मिळायला लागला.

मग दोन हंगाम तो पोलंडमधल्या एका लहानशा गावाच्या क्लबाकडून खेळून आला. जाताना अक्काने, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीने, कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणीचा डबा बांधून दिला. डबा पहिल्याच आठवड्यात संपला, कारण तिथल्या मेकॅनिकांना चटणी इतकी आवडली की ते ती लोणी लावलेल्या पावावर पसरून खायचे. अण्णाचे निरोप मला फोनवर यायचे. "वकिला, इथली माणसं गुणी हायत. मी पडलो की आधी गाडी उचलतात. माणूस आपला आपण उठतोय म्हणतात." पहिल्या हंगामात त्याच्या गळ्याचं हाड मोडलं. बरा होऊन तो पुन्हा उतरला तेव्हा त्या परक्या गावातली माणसं थंडीत उभी राहून त्याच्या नावाने ओरडत होती. तो व्हिडिओ मी कोर्टाच्या बाररूममध्ये सगळ्यांना दाखवला. ज्यांनी मागितला नव्हता त्यांनाही दाखवला.

एका माणसाने मात्र तो पाहिला नाही, आणि तोच गजाअण्णाला हवा होता.

अप्पांचा विरोध धोक्याला नव्हता. हातपाय मोडतील, असं ते कधीच म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं, आणि ते त्यांनी एकदाच, जेवताना, माझ्यासमोर सांगितलं होतं. "देव उजव्या हाताला ठेवून फिरायचं असतंय. तू रोज उलटा फिरूलालास. उलटं फिरायचं ते मसणात."

"अप्पा, ट्रॅकच्या मधे देव न्हाई. नुसतं गवत हाय," अण्णा म्हणाला.

"तुला दिसला न्हाई म्हणून न्हाई काय?"

गजाअण्णाने माझ्याकडे पाहिलं. उत्तरं देण्याचे मी पैसे घेतो, पण त्या दिवशी मी आमटी वाढून घेतली. अप्पा शर्यतीला कधी आले नाहीत. अक्का मोबाइलवर व्हिडिओ लावून त्यांच्यापुढे धरायची, तर ते म्हणायचे, "सरक, उजेड अडवू नको, सुई दिसंना." पण एक काम ते बिनबोभाट करायचे. सरावाची जाड कॅनव्हासची विजार फाटली की अण्णा ती खुंटीला लावून ठेवायचा. अक्का ती मशीनवर नेऊन ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी ती घडी घालून परत आलेली असायची. गुडघ्यावर दुहेरी कापड, शिवण अशी बारीक की बोट फिरवून शोधावी लागे. फाटायचा तो नेहमी डावा गुडघा. बापलेकांत त्या खेळाबद्दल एवढंच बोलणं होतं, तेही अक्काच्या हातून.

"सगळी हुबळी बघून गेली रे," अण्णा मला एकदा म्हणाला. "पोलंडचे लोक बघून गेले. घरातला माणूस न्हाई आला. मग ते खरं काय खोटं, मलाच कळंना होतंय." तो रडवेला वगैरे झाला नव्हता. स्कूटरच्या हँडलवरची धूळ बोटाने पुसत होता. पण मला फार वाईट वाटलं.

अशात कंपनीने हंगामातली एक शर्यत आमच्याकडे घ्यायचं ठरवलं. हुबळी आणि धारवाडच्या मधे एका गावाचं मोठं मैदान मिळालं. ट्रॅक आखला, माती आणून दाबली, पोस्टरं लागली. मैदान गावच्या देवस्थानाचं होतं, आणि मधोमध कडुनिंबाखाली एक कट्टा आणि त्यावर शेंदूर लावलेला मारुती. त्याला कुणी हात लावणार नव्हतंच. पण गाड्या सरावाला डावीकडून फिरायला लागल्या आणि देवस्थानचे पंच येऊन उभे राहिले. त्यांच्यातले वयस्क गौडरु, म्हणजे गावचे पाटील, अगदी सौम्यपणे म्हणाले, "देव्रु बलक्क इरबेकु नोड्रिप्पा." देव उजव्या हाताला राहिला पाहिजे. गाड्या पळवा, गर्दी जमवा, आमची ना नाही. पण आमच्या मारुतीभोवती उलटं फिरायचं नाही.

कंपनीच्या मंडपात हलकल्लोळ झाला. बेंगळूरु, कोइमतूर, पुण्याहून आलेली पोरं आयुष्यात उजवीकडे घसरली नव्हती. उजव्या हातात वेग आणि उजवाच पाय जमिनीवर, म्हणजे सगळं अंगच उलटं. कुणी म्हणालं देव झाकून ठेवू, कुणी म्हणालं शर्यत रद्द करा. टीमच्या मॅनेजरने मला, वकील आहे म्हणून, कागद बघायला सांगितला. कागदात काय असणार? मैदान त्यांचं होतं आणि देवही त्यांचाच. तेवढ्यात गजाअण्णा उठून म्हणाला, "फिरूया की उजवीकडनं."

मॅनेजर त्याच्याकडे बघतच राहिला. वर्षभराच्या गुणांत गजाअण्णा पहिला होता. डावीकडच्या वळणावर त्याला हात धरणारा कुणी नव्हता, आणि तो सगळा फायदा तो आपण होऊन टाकून देत होता. "इथे हरलास तर पुढच्या वर्षीच्या कराराचं मला काही सांगता येणार नाही," मॅनेजर म्हणाला.

"बरं की," गजाअण्णा म्हणाला.

बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. "वेड लागलंय का?"

"वकिला," तो म्हणाला, "सुलटं फिरलो तर अप्पा येतील काय न्हाई? तेवढं सांग."

पुढचा आठवडा त्याने त्या मैदानावर घालवला. लोखंडी तळ डाव्या बुटाच्या मापाचा. उजव्यासाठी बेलूरच्या जुन्या सोबत्यांनी नवा ठोकून दिला. ज्या माणसाच्या घसरण्याकडे बघत राहावं, तो आता नवशिक्यासारखा अडखळत होता. वळणावर सवयीने डावा पाय बाहेर यायचा आणि गाडी त्याला फेकून द्यायची. धूळ झटकत उठायचा आणि म्हणायचा, "डोक्याला कळलंय. पायाला कन्नडमधनं सांगून बघतो आता."

शनिवारी अक्काने विजार मशीनवर नेऊन ठेवली. अप्पांनी ती उलटसुलट केली. "हे उजवीकडनं कसं फाटलं?" असं त्यांनी विचारलं. त्या खेळाबद्दल त्यांनी आपण होऊन विचारलेला हा पहिला प्रश्न. अक्काने सगळं सांगितलं: मारुती, गौडरु, उजवीकडून फिरायचं ठरलं ते आणि कुणी ठरवलं ते. अप्पांनी सुईत दोरा ओवला. विजार शिवून झाली तेव्हा दोन्ही गुडघ्यांवर दुहेरी कापड होतं.

रविवारी मी माइकवर होतो. गर्दी एवढी की कडुनिंबावरही माणसं. तेवढ्यात मला मैदानाच्या कडेने चालत येणारी काळी टोपी दिसली. बाजूला अक्का. धुतलेलं धोतर, बगलेत छत्री. अप्पा लग्नाला निघाल्यासारखे आले होते. गौडरुंनी त्यांना ओळख विचारली आणि मानाने मधल्या कट्ट्यावर, मारुतीशेजारी बसवलं. ट्रॅकच्या आत बसल्यामुळे मुलगा त्यांच्याभोवतीच फिरणार होता. गजाअण्णाने हेल्मेट घालायच्या आधी तिकडे पाहिलं. मग चेहरा झाकायला त्याने हेल्मेट जरा घाईनेच घातलं.

ती शर्यत वर्णन करायला मला कष्ट पडले नाहीत, फक्त वाईट वाटलं. पहिल्याच पात्रता फेरीत कट्ट्यासमोरच्या वळणावर त्याचा डावा पाय बाहेर आला आणि तो पडला. गाडी एकीकडे, तो दुसरीकडे. अप्पा उठून उभे राहिले आणि गौडरुंनी त्यांचा दंड धरला. अण्णा उठला, हात वर केला. कसाबसा अंतिम शर्यतीत पोचला आणि तिथे तिसरा आला. पहिला आला तो कोइमतूरचा एक कोवळा पोरगा. त्याला डावीकडचं वळणच अजून नीट जमत नव्हतं, त्यामुळे उजवीकडचं बिघडण्याचा प्रश्नच नव्हता. आमची हुबळीची गर्दी टाळ्या वाजवत होती, पण त्या टाळ्यांत जीव नव्हता.

अप्पा माझ्या टेबलापाशी आले. मी माइक बंद केला.

"हा नेहमी असाच चालवतोय काय?"

"नाही हो अप्पा. नेहमी पहिला असतो. डावीकडून त्याच्यासारखा कुणी नाही."

"मग आज?"

"आज तुम्ही यावं म्हणून."

अप्पा खुर्चीवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिला नेलं त्या दिवशी मडकं त्याच्याच खांद्यावर होतं. डावीकडनं फिरला. पाणी गळूलालतं आणि तो फिरूलालता. तवापास्नं त्याला डावीकडं फिरताना बघवत न्हाई मला. शास्त्र-बिस्त्र मागनं आलं."

इतकी वर्षं आम्ही सगळे त्या म्हाताऱ्याला सोवळा समजत होतो. कंपनीची नोकरी लागली त्याच वर्षी गजाअण्णाची आई गेली होती, हे मला माहीत होतं. स्मशानात मीही होतो. पण त्या फेऱ्या आणि ह्या फेऱ्या अप्पांच्या डोळ्यांपुढे एकच झाल्या असतील, हे माझ्या कधी मनातही आलं नाही.

गजाअण्णा धुळीने माखलेला, हसत आला आणि वाकला. अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ते त्याच्या गुडघ्यांकडे बघत होते.

"तिसरा आलास."

"व्हय अप्पा."

"माझ्यामुळं?"

"ते ऱ्हाऊ द्या की. तुम्ही आलात..."

"पन्नास वर्षं शिवूलालोय मी," अप्पा म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणालं म्हणून कधी वाकडं शिवलो न्हाई. सख्खा भाऊ म्हणाला तरी न्हाई. आणि तू बापाला बरं वाटावं म्हणून आपलं काम बिघडवलास? माणसासमोर असलं काम दाखवतात काय?" त्यांनी टोपी घातली, छत्री घेतली आणि अक्काला हाक मारून चालायला लागले.

गजाअण्णा तसाच उभा राहिला. त्याला हरताना मी अनेकदा पाहिलं आहे, पण असं तोंड कधी पाहिलं नव्हतं. ज्या एका माणसासाठी एवढं केलं, तो आला आणि रागावून गेला. मला अप्पांचा संताप आला. मी काहीतरी बोललोही. गजाअण्णाने मला गप्प केलं. "सुम्न बस वकिला. बरोबर बोलले ते," तो म्हणाला आणि उजव्या बुटाखालचा तो नवा लोखंडी तळ सोडवायला बसला.

त्या तिसऱ्या नंबराची किंमत त्याला पडलीच. वर्षाचा चषक गेला आणि पुढच्या वर्षी कंपनीने करार केला नाही. तो दुसऱ्या एका टीमकडून आणखी काही वर्षं खेळला, चांगला खेळला, आणि गेल्या वर्षी त्याने स्वतःहून थांबायचं ठरवलं. आता बेलूरच्या त्याच माळावर तो पोरापोरींना शिकवतो. फी घेतो, पण काम चोख घेतो. कुणी बघायला पाहुणे आलेत म्हणून मुलं जास्त घसरायला लागली की तो शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवतो. "पाव्हणे आले म्हणून जास्त न्हाई, घरचे आले म्हणून कमी न्हाई," तो म्हणतो. "जसं येतंय तसं चालवा." त्याच्या हाताखालच्या दोन मुली आणि एक मुलगा आज पगारी रायडर आहेत. आमच्या गल्लीत आता कुणी पेट्रोलची चौकशी करत नाही.

मला अभिमान आहे तो या सगळ्याचा. पण त्याहून जास्त अभिमान एका दुपारचा आहे, आणि ती दुपार कोल्हापूरची.

हुबळीच्या शर्यतीनंतर दोन-तीन आठवड्यांनी हंगामातली शेवटची शर्यत कोल्हापूरला होती. नेहमीसारखी, डावीकडून. आदल्या दिवशी अक्काचा मला फोन आला, "अप्पा उद्या दुकान बंद ठेवणार म्हणूलालेत." अप्पा दिवसभर दुकान बंद ठेवायचे ते फक्त अमावास्येला, आणि दुसऱ्या दिवशी अमावास्या नव्हती. "तुला विचारूलालेत, कोल्हापूरची गाडी किती वाजता?" ते म्हणाले होते की गजाला सांगायचं नाही. सांगितलं तर पुन्हा काहीतरी बिघडवून ठेवील.

आम्ही दोघं सकाळच्या एसटीने गेलो. निपाणी येईपर्यंत अप्पांनी छत्री मांडीवर आडवी धरून ठेवली होती. मैदानावर माइक दुसऱ्याच कुणाच्या हातात होता, त्यामुळे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नुसता बघायला बसलो होतो. आम्ही लाकडी पायऱ्यांवर मधोमध जागा धरली. अंतिम शर्यतीसाठी चार गाड्या ओळीत आल्या. "लाल हेल्मेट आपलं," मी सांगितलं. अप्पांनी मान हलवली. त्यांनी माझं मनगट धरलं होतं.

गाड्यांपुढे ताणलेली दोरी वर उडाली. गाड्या पहिल्या वळणाला भिडल्या आणि गजाअण्णाने गाडी आडवी केली. अप्पांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांपुढे काय होतं ते मला ठाऊक होतं. माझ्या मनगटावर त्यांची बोटं रुतत होती. गाड्या पलीकडच्या वळणाकडे गेल्या, आवाज लांब गेला, आणि परत आमच्या बाजूला यायला लागला. तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

गजाअण्णा सगळ्यांच्या पुढे होता. डावा पाय जमिनीवर, खांदे सैल, मागच्या चाकातून मातीचा पडदा उडतोय, आणि गाडी डावीकडे, डावीकडे, अशी सहज वळतेय की त्यात ओढाताण नाही, भीती नाही, कुठे टाका चुकलेला नाही. अप्पांनी माझं मनगट सोडलं आणि ते उभे राहिले. काळ्या टोपीखालचे डोळे त्या लाल हेल्मेटबरोबर फिरत होते. एक वळण, दुसरं वळण, पुन्हा पहिलं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ आजोबा, खाली बसा की! दिसंना झालंय!"

अप्पांनी मागे वळून पाहिलं नाही.

"बसतो," ते म्हणाले. "पुढं चाललाय त्यो माझा मुलगा हाय. एवढं बघून बसतो."